याद्या फाडू नका, पण…

वर्गात मराठी कसं शिकवावं यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून घेऊ नका, हे लिहायला सोपं आहे. ज्याला मुळात शब्दच येत नाहीत त्या मुलाने काय करायचं? तुमचे सगळे उपाय हुशार मुलांपुरते आहेत,' असा तुमचा आक्षेप.

अर्धा मान्य. 'याद्या फाडून टाका' हे मी लिहिण्याच्या भरात लिहून गेलो. यादी हवीच. पण पाणी, जल, नीर, उदक, तोय घडाघडा म्हणणाऱ्या मुलाने एकदा लिहिलं होतं, 'आईच्या डोळ्यांत जल आले.' मी लाल रेघ मारली खरी, पण चुकलं काय ते मलाच धड सांगता येईना. शेवटी आम्ही शब्द वापरून बघत बसलो. तोंडाला पाणी सुटतं, जल सुटत नाही. जलप्रवास होतो, पाणीप्रवास कुणी म्हणत नाही. आणि एखाद्या गोष्टीवर हक्क सोडायचा झाला तर पाणी सोडा नाहीतर उदक, दोन्ही चालतं! एवढ्या खटपटीनंतर ते 'जल' त्याने स्वतःच खोडलं.

'हुशार मुलांपुरते' हे मात्र पटत नाही. सहसंबंधाचा प्रश्न होता: पक्षी : घरटे, तसे साप : ? अपेक्षित उत्तर वारूळ. वाचनात बरीच मागे असलेल्या एका मुलीने लिहिलं, 'कोणतेच नाही'. मी गुण कापला. ती वही घेऊन आली, म्हणाली, 'पक्षी घरटं बांधतो. वारूळ वाळवी बांधते, साप नुसता येऊन राहतो.' गुण परत दिला. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण त्या दिवशी वर्गाला समजावून सांगावी लागली नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, मग कोकिळेचं काय, ती तर कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते? तास तिथेच संपला. तेव्हापासून उत्तर लिहिण्याआधी दोन शब्दांतलं नातं सांगणारं एक पूर्ण वाक्य तोंडी म्हणायला लावतो. 'राहतो' की 'बांधतो', एवढ्या एका क्रियापदावर उत्तर फिरतं. त्याला हुशारी लागत नाही, वेळ लागतो. तो तुमच्याकडे नसतो, ही तक्रार केली असतीत तर मी गप्प बसलो असतो.

निबंधाचे तयार मुद्दे देऊ नका, असं मी म्हटलं होतं आणि तुम्ही ते खोडून काढलंत. तिथे तुमचंच बरोबर. कोऱ्या कागदापुढे बसवलेलं मूल काहीच लिहीत नाही. मुद्दे द्या, फक्त 5 द्यायचे असतील तर 4 द्या आणि पाचवी जागा रिकामी ठेवा. ती बघून मुलं आधी वैतागतात, हे सांगून ठेवतो.