शॅटो मार्मॉन्टची गुपितं सांभाळणारे हात

माझी भाची गेल्या महिन्यात लॉस एंजलिसला गेली होती. सनसेट बुलेव्हार्डवरच्या शॅटो मार्मॉन्ट हॉटेलसमोर उभं राहून काढलेला फोटो तिने फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, 'मावशी, खास तुझ्यासाठी. आत फोटो काढू देत नाहीत.' मी मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात २६ वर्षं हाऊसकीपिंगमध्ये होते. रूम अटेंडंट म्हणून लागले, फ्लोअर सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. म्हणून हा फोटो माझ्यासाठी. तो बघितल्यापासून मनात जे साचलंय ते लिहिते आहे. मोठं झालंय, पण वाचा.

आत फोटो काढू देत नाहीत. त्या हॉटेलचं सगळं मोल या एका गोष्टीत आहे.

इमारत १९२९ची. फ्रेड होरोविट्झ नावाच्या वकिलाने फ्रान्समधल्या लुआर नदीकाठचा एक जुना राजवाडा डोळ्यांसमोर ठेवून ती बांधली, तीसुद्धा हॉटेल म्हणून नाही, भाड्याच्या महागड्या फ्लॅटसाठी. त्याच वर्षी अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. भाडेकरू मिळेनात. दोन वर्षांत इमारत विकली गेली आणि नव्या मालकाने तिचं हॉटेल केलं. मूळचे फ्लॅट, त्यामुळे भिंती जाड, खोल्यांना स्वयंपाकघरं, आणि गाडी गॅरेजमध्ये लावून लॉबीत पाऊल न टाकता लिफ्टने थेट खोलीत जाण्याची सोय. हॉलिवूडच्या माणसाला आणखी काय हवं होतं? कोलंबिया स्टुडिओचा प्रमुख हॅरी कोन आपल्या दोन तरुण नटांना म्हणाला होता म्हणे, की भानगडीच करायच्या असतील तर शॅटो मार्मॉन्टमध्ये करा.

'बुटीक हॉटेल' म्हणजे लहान, स्वतःचा खास बाज असलेलं हॉटेल. हा शब्द पुढे १९८४मध्ये न्यूयॉर्कचं मॉर्गन्स हॉटेल निघालं तेव्हापासून रुळला. पण बुटीक हॉटेल जे विकतं ते इथे आधीपासून होतं. खोल्या जेमतेम ६३. आंद्रे बालाझ यांनी १९९०मध्ये ते विकत घेतलं, डागडुजी केली आणि जुनेपण पुसलं जाणार नाही याची काळजी घेतली. हे काम किती अवघड आहे ते मला माहीत आहे. जुनं दिसणारं फर्निचर रोज स्वच्छ ठेवायचं आणि तरी ते नवं दिसू द्यायचं नाही, यात हाताचं कसब लागतं.

या हॉटेलवर लिहिणारे सगळे एका तारखेपाशी थांबतात. ५ मार्च १९८२. विनोदी नट जॉन बेलुशी तिथल्या ३ नंबरच्या बंगल्यात ड्रग्जच्या अतिसेवनाने गेला. वय ३३. त्याच्या मरणाची गोष्ट हॉटेलच्या ख्यातीत मिसळून गेली. मला हे वाचवत नाही.

आमच्याकडे एकदा एका खोलीच्या दाराला दुपारपर्यंत 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी होती. फोन उचलला जाईना. ड्यूटी मॅनेजर, सिक्युरिटी आणि मी, तिघांनी मास्टर कीने दार उघडलं. एकटे आलेले वयस्कर गृहस्थ, झोपेतच गेलेले. पोलीस येऊन गेल्यावर ती खोली मी आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या जोडीदारणीने लावली. उशाजवळ त्यांचा चष्मा होता, तो रुमालात गुंडाळून सिक्युरिटीकडे दिला. त्यांचं नाव मी घरी आईलासुद्धा कधी सांगितलं नाही, आजही सांगणार नाही. हे आम्हाला कुणी कागदावर लिहून दिलं नव्हतं. कामाचाच भाग होता तो.

म्हणून मला वाटतं, शॅटो मार्मॉन्टचं गूढ नटनट्यांनी निर्माण केलेलं नाही. ते येतात, राहतात, जातात. चादरींवर काय होतं, कचऱ्याच्या डब्यात काय सापडलं, रात्री तीनला कोण रडत होतं, हे ज्यांना ठाऊक आहे आणि जे बोलले नाहीत, त्यांनी ते गूढ नव्वद वर्षं राखलं. हॉटेल ज्याचे पैसे घेतं ती वस्तू त्यांनी बनवली. त्या वस्तूवर त्यांचा हक्क आहे, हे माझं ठाम मत आहे.

मार्च २०२०मध्ये कोरोना आला आणि त्या हॉटेलने २०० हून जास्त कामगारांना काढलं. त्यातले काही अनेक वर्षांचे जुने. नुकसानभरपाई मिळाली नाही आणि आरोग्य विमाही गेला, असं कामगारांचं म्हणणं. अमेरिकेत विमा नोकरीला बांधलेला असतो, आणि हे सगळं महामारीत. काही महिन्यांतच मालकांनी जाहीर केलं की हॉटेल आता फक्त सभासदांसाठी करणार. वंशभेदाच्या तक्रारी कोर्टात गेल्या. 'युनाइट हिअर लोकल ११' या युनियनने २०२१मध्ये बहिष्कार पुकारला. अभिनेत्री जेन फोंडा आणि दिग्दर्शक स्पाइक ली कामगारांच्या बाजूने उभे राहिले. आरन सॉर्किन यांच्या चित्रपटाचं तिथलं शूटिंग रद्द झालं. हे वाचताना मला भरून आलं होतं. ज्यांची बिछाने-बाथरूम आम्ही आवरतो त्यांनी आमच्यासाठी दार ओलांडायचं नाकारलं!

मार्च २०२२मध्ये ऑस्करच्या रात्री जे-झी आणि बियॉन्से यांची पार्टी तिथेच झाली. बाहेर कामगार फलक घेऊन उभे होते. त्यांच्यासमोरून गाड्या आत गेल्या. हे मला फार लागलं.

पण कामगार हटले नाहीत. त्याच ऑगस्टमध्ये हॉटेलने युनियनला मान्यता द्यायचं कबूल केलं, सभासदांची योजना सोडून दिली, आणि वर्ष संपायच्या आत करार झाला.

या सगळ्यात मला सर्वांत मोठी वाटते ती एक साधी तरतूद. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२१मध्ये कायदा केला, की कोरोनामुळे कमी केलेल्या हॉटेल कामगारांना, जागा निघाली की, सेवाज्येष्ठतेप्रमाणे आधी बोलवायचं. नवी माणसं नंतर.

माझी ती जोडीदारीण २०२० साली दुसऱ्या एका हॉटेलात होती. 'बोलावू तेव्हा या' म्हणून घरी पाठवली, ती कायमची. आता विक्रोळीत पोळीभाजीचे डबे देते. काल तिला फोन करून हा कायदा समजावून सांगितला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं, सिनिऑरिटीच्या लिस्टमध्ये माझा नंबर चौथा होता."