अफ्रेड म्हणजे नुसतं ‘घाबरलेला’ नव्हे

मुलीच्या वहीत परवा एका वाक्यावर लाल फुली दिसली. तिने लिहिलं होतं, ‘द अफ्रेड बॉय रॅन होम.’ फुलीशेजारी कारण काही नाही. ती मला म्हणाली, “आई, अफ्रेड म्हणजे घाबरलेला ना? मग घाबरलेला मुलगा म्हणजे अफ्रेड बॉय का नाही?”

प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तरही आहे. मराठीत ‘घाबरलेला मुलगा’ही चालतं आणि ‘मुलगा घाबरलेला होता’ही चालतं. अफ्रेड मात्र नामाच्या आधी बसत नाही. ‘द बॉय वॉज अफ्रेड’ बरोबर. नामाआधी विशेषण हवं असेल तर फ्रायटन्ड किंवा स्केअर्ड घ्यायचं. अस्लीप, अवेक, अलाइव्ह यांचंही असंच. झोपलेल्या बाळाला कुणी ‘अस्लीप बेबी’ म्हणत नाही, ‘स्लीपिंग बेबी’ म्हणतात. एवढं फुलीशेजारी लिहायला एक मिनिटही लागलं नसतं. ते लिहिलं नाही याचा मला खरंच राग आला, कारण अशा मुक्या फुल्यांनीच मुलं भाषेला बिचकायला लागतात.

गंमत म्हणजे हा शब्द मुळात ‘घाबरवलेला’ असाच आहे. ‘अफ्रे’ नावाचं एक जुनं क्रियापद होतं, फ्रेंचमधून इंग्रजीत आलेलं. त्याचं हे कृदन्त. क्रियापद वापरातून गेलं, कृदन्त मागे राहिलं. आणखी मागे गेलं तर त्याच्या पोटात शांतता या अर्थाचा जर्मानिक शब्द सापडतो, जर्मन ‘फ्रीडन’चा नातलग. अफ्रेड म्हणजे शांततेतून उपटून बाहेर काढलेला! भीतीचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

खरी अडचण मात्र पुढे आहे. ‘तिची भीती वाटते’ म्हटलं की मराठीत आपण तिला घाबरतो. ते ‘अफ्रेड ऑफ हर’. पण ती रात्री उशिरापर्यंत घरी आली नाही आणि आपला जीव टांगणीला लागला, तर ते ‘अफ्रेड फॉर हर’. एका छोट्या शब्दाने भीतीची दिशाच बदलते. तसंच ‘टू’ आणि ‘ऑफ’चं. मी कड्याजवळ जायला धजत नाही, ते ‘अफ्रेड टू गो’. का धजत नाही, तर पडेन म्हणून, ते ‘अफ्रेड ऑफ फॉलिंग’. इथे ‘अफ्रेड टू फॉल’ म्हणून चालत नाही, कारण पडणं काही आपण ठरवून करत नाही. जे करायला मन कचरतं तिथे ‘टू’, जे आपल्यावर ओढवेल तिथे ‘ऑफ’. शाळेत मला हे कुणी असं सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

आणि मग ‘आय अ‍ॅम अफ्रेड’. इथे भीतीचा मागमूसही नसतो. नको असलेली बातमी हळूच पुढे करायची ही इंग्रजीची रीत आहे. आपण ‘माफ करा’, ‘नाइलाज आहे’, ‘सांगायला वाईट वाटतं, पण’ म्हणतो, तीच जागा. तरी भाषांतरांमध्ये ‘मला भीती वाटते की आपला अर्ज मंजूर होऊ शकत नाही’ अशी वाक्यं सर्रास दिसतात. ती वाचून मराठी माणसाला काय कळणार?

माझ्या भावाने एका नोकरीसाठी अर्ज केला होता. उत्तर आलं तेव्हा तो घरी नव्हता. आईने ते स्वतः वाचलं, जुन्या शालेय इंग्रजीच्या आधाराने, ओळीखाली बोट फिरवत. ‘वी आर अफ्रेड’पाशी बोट थांबलं. मग ती मला म्हणाली, “ते घाबरलेत म्हणजे अजून त्यांचं नक्की ठरलेलं दिसत नाही. थोडी आशा आहे का गं?”

मी कागद हातात घेतला, पुढची ओळ वाचली आणि तिला सांगितलं, “नाही आई. त्यांनी नकार दिलाय.”