50 आणि 51 नंबरच्या खोल्या 'सर्वसाधारण'?

"सर्वसाधारण निवासी इमारत. ऐतिहासिक महत्त्व सिद्ध होत नाही."

आपल्या मोबाईल गेमच्या नकाशावर ठिपका म्हणून मी एक जागा सुचवली, म्हणजे नॉमिनेशन टाकलं. ती रिव्ह्यूत, म्हणजे तपासणीत, नाकारली, म्हणून गेमवाल्यांकडे अपील केलं. चार महिने ताटकळत ठेवून त्या अपीलवर ही एवढी दोन वाक्यं पाठवली. तीही काल रात्री पावणेबाराला. त्यानंतर डोळ्याला डोळा लागलेला नाही, म्हणून सकाळी सकाळी लिहायला बसलोय.

कुठली इमारत रिजेक्ट झाली माहितीये? परळची बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळ नंबर 1. दुसरा मजला, खोली नंबर 50 आणि 51. बाबासाहेब 1912 पासून 1934 पर्यंत जिथे राहिले ती. एक खोली संसाराला, एक अभ्यासाला. 1913 मध्ये कोलंबियाला निघाले तेव्हा घर हेच. 1927 मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तेव्हाही हेच. गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, त्या सगळ्या वर्षांत त्यांचा पत्ता पोयबावडीची ही चाळ होता. आणि कुठल्या तरी खुर्चीत बसलेला माणूस अर्ध्या मिनिटात फोटो बघून म्हणतो, सर्वसाधारण!

अपीलच्या फॉर्मात काय विचारलंय बघा. वास्तुविशारद कोण? वास्तुशैली कोणती? दर्शनी भागाचं वैशिष्ट्य काय? अरे, ही इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ आहे! 1896 च्या प्लेगात मुंबई हादरली, म्हणून 1898 मध्ये तो ट्रस्ट निघाला आणि त्याने कामकरी माणसांसाठी चाळी बांधल्या. नक्षीचे खांब आणि घुमट तिथे कुठून आणू? लांबलचक कॉमन गॅलरी, ओळीने खोल्या, कठड्यावर वाळत घातलेले कपडे, हीच तिची शैली. आणि तेच कपडे फोटोत दिसले म्हणून पहिल्या फेरीत 'खाजगी निवासस्थान' असा शेरा मारून परत पाठवलं होतं. चाळीत कपडे दिसणार नाहीत तर काय दिसणार?

तो फोटो मी कसा काढलाय ते मला माहीत. कोणाच्या दारात मोबाईल रोखायचा नाही म्हणून सकाळी सहाला ठाण्याहून निघालो आणि खाली पटांगणात उभा राहिलो. जिन्याजवळ एक मावशी पाण्याची कळशी घेऊन चालल्या होत्या. मला बघून थांबल्या. "पन्नास-एक्कावन्न बघायला आलात ना? या वरती, लाजू नका." मी म्हटलं, "मावशी, बाहेरूनच काढतो, लोकांना त्रास नको." त्या म्हणाल्या, "त्रास कसला? 14 एप्रिलला या, पाय ठेवायला जागा नसते." कळशी कमरेवर तशीच. मी नवा आहे हे बघून त्यांनी बोट करून दाखवलं, ती खिडकी, ती गॅलरी. शहाण्णव-सत्त्याण्णव सालचं सांगावं तितक्या सहज त्या 1912 सालचं सांगत होत्या. हा पुरावा नाही? ह्याला फॉर्ममध्ये रकाना नाही!

बरं, लिंका दिल्या. मराठी वर्तमानपत्रांच्या दिल्या तर 'भाषा पडताळता येत नाही'. इंग्रजी दिल्या तर 'बातमी हा प्राथमिक पुरावा नाही'. विश्वकोशाची दिली तर 'कोणीही बदलू शकतो'. चरित्रग्रंथाचं पान स्कॅन करून जोडलं तर फाइल मोठी. लहान केली तर अक्षरं वाचता येत नाहीत. आणि हे सगळं मांडायला जागा किती, तर मोबाईलच्या एका मेसेजएवढी. तिसऱ्या ओळीत 'बाबासाहेब आंबेडकर' लिहून होईपर्यंत आकडा लाल व्हायला लागतो.

आणि त्याच आठवड्यात काय मंजूर झालं? आमच्या स्टेशनजवळच्या कॅफेच्या भिंतीवर रंगवलेले पंख, ज्यांच्यासमोर उभं राहून लोक फोटो काढतात. दोन दिवसांत पास! बागेतल्या व्यायामाच्या मशिनी, पास. सोसायटीच्या गेटवरचा सिमेंटचा डॉल्फिन, पास. डॉल्फिनला कोणी वास्तुविशारद विचारला नाही. मला त्या डॉल्फिनशी वैर नाही, पण त्याच्याकडे कोणी कागद मागत नाहीत आणि परळच्या चाळीकडे मागतात, याने माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आपलेच खेळाडू लोकही तसेच. रिव्ह्यूला बसतात आणि मजकूर न वाचता नुसता फोटो बघून बोट दाबतात. रेटिंग वाढवायचं असतं. मी स्वतः रात्र रात्र बसून दुसऱ्यांच्या नॉमिनेशनचे पत्ते शोधतो, गावाच्या वेशीवरच्या वीरगळाचा फोटो झूम करून बघतो, आणि हे लोक चहा पिता पिता चाळीस निकाली काढतात. वर सल्ला देतात, 'जुनी पडकी बिल्डिंग टाकूच नकोस, कधीच होत नाही.'

जुनी पडकी! पुण्याच्या बुधवार पेठेतला भिडेवाडा आठवतो का? 1 जानेवारी 1848 ला सावित्रीबाई आणि जोतिरावांनी मुलींची शाळा काढली तो वाडा. शेवटच्या वर्षांत खाली दुकानं, वर मोडकी लाकडं, समोर दगडूशेठला रांग. त्या रांगेतल्या किती जणांनी मान वळवून बघितलं असेल? फोटोवरून ठरवायचं असतं तर तोही 'सर्वसाधारण'च ठरला असता. डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी तो उतरवला, आता त्या भिंती कोणाच्याच नकाशावर येणार नाहीत. ही भीती मला परळची वाटते. मुंबईत चाळी एकामागून एक पुनर्विकासाला चालल्यात. जे उभं आहे ते उभं असताना तरी टिपून ठेवू द्या ना! एक छोटा ठिपका मागतोय. कोणी पोरगा खेळता खेळता तिथे थांबेल, नाव वाचेल, मान वर करून दुसऱ्या मजल्याकडे बघेल. एवढंच हवंय मला.

राजगृह चटकन कळतं सगळ्यांना. दादरच्या हिंदू कॉलनीतलं, बाबासाहेबांनी स्वतः बांधून घेतलेलं घर, बघूनच माणूस थांबतो. पण राजगृहात राहायला जाण्याआधीची बावीस वर्षं चाळीत गेली. तिथला नळ कॉमन, तिथला जिना कॉमन, भिंतीपलीकडे गिरणी कामगारांचे संसार. त्या गोंगाटात बसून त्या माणसाने अभ्यास केलाय. हे महत्त्व दर्शनी भागात नसतंच, ते कुठून दाखवू?

अपील एकदाच करता येतं, ते वापरून झालं. आता नव्याने नॉमिनेशन टाकायचं, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून रांग. टाकणार आहे. रविवारी पहिल्या लोकलने परत परळला जातोय. यावेळी फोटोत खालचा जिना, ती गॅलरी आणि रस्त्याचा नाका एकत्र घेणार. तुमच्यापैकी ज्यांना रिव्ह्यूला ती चाळ दिसेल त्यांनी मजकूर पूर्ण वाचा. तीन ओळी आहेत फक्त.

आणि मावशी भेटल्या तर विचारतील, "लागलं का हो नकाशात?" काय सांगू त्यांना?