‘सीझनभरात सगळं फिटतं’ हे साफ खोटं आहे

फुटबॉलची कुठलीही वादग्रस्त मॅच झाली की दुसऱ्या दिवशी तोच मजकूर फिरायला लागतो, शब्द थोडे इकडेतिकडे पण मुद्दे तेच. रेफरीच्या चुका सीझनभरात फिटतात, आज तुमच्या विरुद्ध तर उद्या तुमच्या बाजूनं. चांगल्या टीमला रेफरीची गरजच पडत नाही. समोरचे लकी नसतात, ते लक कमावतात. व्हीएआर (व्हिडिओ बघून चुका तपासणारा रेफरी) आल्यापासून तर बोलायला जागाच नाही. पॉइंटचं टेबल खोटं बोलत नाही. म्हणून रडीचा डाव बंद करा, नाचता येईना अंगण वाकडं वगैरे वगैरे. मी लिव्हरपूल या इंग्लिश क्लबचा फॅन आहे हे आधीच सांगून टाकतो, पण खालचं सगळं लिव्हरपूलबद्दल नाहीये, आणि रेफरी विकले गेलेत असंही मी म्हणत नाहीये. एकेक मुद्दा घेतो.

“चुका सीझनभरात फिटतात”

लोकांना सगळ्यात जास्त पटतो तो हा मुद्दा आणि सगळ्यात जास्त चुकीचा पण हाच, म्हणून इथे जरा वेळ घालवतो. आधी साधं गणित बघा. समजा रेफरी शंभर टक्के निष्पक्ष आहे, एका टीमच्या वाट्याला सीझनमध्ये १० मोठ्या चुका आल्या आणि प्रत्येक चूक बाजूनं जाणार की विरुद्ध हे नाणं उडवल्यासारखं आहे. बरोब्बर ५-५ पडायची शक्यता १०२४ पैकी २५२, म्हणजे चारात एकदा. आणि ७-३ किंवा त्याहूनही एकतर्फी वाटणी तीनात एकदा पडते! म्हणजे २० टीमच्या लीगमध्ये दर सीझनला सहा-सात टीम अशा निघणार ज्यांचा हिशोब सरळसरळ एका बाजूला झुकलेला असेल, कुणीही बेईमानी न करता. फिटायला सीझनच्या ३८ मॅच पुरतच नाहीत हो.

बरं, हे झालं सगळ्या चुका सारख्या वजनाच्या धरल्या तर. तशा त्या नसतात. १७ जून २०२०, ॲस्टन व्हिला विरुद्ध शेफील्ड युनायटेड, कोविडच्या ब्रेकनंतर प्रीमियर लीगची, म्हणजे इंग्लंडच्या टॉप लीगची, पहिलीच मॅच. ४२व्या मिनिटाला ऑलिव्हर नॉरवूडची फ्री किक आली, व्हिलाचा गोलकीपर नीलँड बॉल पकडून तोल जाऊन मागे सरकला आणि बॉलसकट गोललाइनच्या आत गेला. टीव्हीवर बघणाऱ्या कुणालाही दिसत होतं की बॉल पूर्ण आत आहे. पण बॉल आत गेला की रेफरीच्या घड्याळावर जो सिग्नल यायला हवा तो आलाच नाही. ती गोललाइन टेक्नॉलॉजी चालवणाऱ्या हॉक-आय कंपनीनं नंतर माफी मागितली, सातच्या सात कॅमेऱ्यांसमोर गोलकीपर, डिफेंडर आणि पोस्ट आडवे आले होते आणि ९,००० पेक्षा जास्त मॅचमध्ये असं कधी झालं नव्हतं म्हणे. व्हीएआरला बघता आलं असतं, तोही गप्प राहिला. मॅच ०-०.

आता यात नुकसान कुणाचं झालं? शेफील्ड युनायटेड त्या सीझनला नवव्या नंबरवर आले, दोन पॉइंट जास्त मिळाले असते तरी युरोपचं तिकीट मिळत नव्हतं. व्हिला ३५ पॉइंटवर वाचले. आणि १८व्या नंबरवर ३४ पॉइंट घेऊन खालच्या लीगमध्ये गेलं ते बोर्नमथ, जे त्या मॅचमध्ये खेळतच नव्हतं! व्हिला ती मॅच १-० हरले असते तर दोघेही ३४ वर, आणि गोल डिफरन्स (मारलेले वजा खाल्लेले गोल) बोर्नमथचा उणे २५, व्हिलाचा उणे २७, म्हणजे बोर्नमथ वाचलं असतं आणि व्हिला खाली गेले असते. कुणी म्हणेल की पुढे अख्खा सेकंड हाफ बाकी होता, व्हिलानं बरोबरी केली असती. केली असती कदाचित, पण त्यासाठी त्यांना गोल मारावा लागला असता ना, इथे तो न मारताच पॉइंट मिळाला. बोर्नमथनं शेवटच्या दिवशी एव्हर्टनला त्यांच्याच घरी ३-१ हरवलं तरी उपयोग झाला नाही. मग कोच एडी हाऊ गेला, नेथन आके मँचेस्टर सिटीला गेला, कॅलम विल्सन न्यूकॅसलला गेला आणि गोलकीपर रॅम्सडेल तर चक्क शेफील्ड युनायटेडला गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. हे फिटलं कधी, कुठे, कुणाकडून? पुढच्या सीझनला बोर्नमथ त्या लीगमध्येच नव्हतं.

आणि ते निष्पक्ष नाणंही खरं तर निष्पक्ष नसतं. २००२ मध्ये छापून आलेला एक प्रयोग आहे, ४० रेफरींना लिव्हरपूल-लेस्टर मॅचमधले ४७ टॅकल दाखवले, काहींना ॲनफील्डच्या पब्लिकच्या आवाजासकट आणि काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी होम टीमविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले. म्हणजे माझ्याच टीमच्या ग्राउंडवरच्या आरड्याओरड्याचा फायदा माझ्याच टीमला होतो, हे मी लपवत नाही. माणूस दबावाखाली झुकतो, त्याला विकलं जायची गरज नसते. पण मग मोठं, भरलेलं, कान किट्ट करणारं स्टेडियम ज्यांच्याकडे आहे त्यांचं आणि छोट्या क्लबचं “फिटतं” हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

“चांगल्या टीमला रेफरीची गरज पडत नाही, दुसरा गोल मारा ना”

हे फुटबॉल आहे, बास्केटबॉल नाही. २०२३-२४ च्या प्रीमियर लीगमध्ये १२४६ गोल झाले, तो रेकॉर्ड होता, आणि तरी मॅचमागे सरासरी जेमतेम सव्वातीन, तेही दोन्ही टीम मिळून! अशा खेळात रेफरीनं एक गोल खाल्ला की मॅचचा एक तृतीयांश हिशोबच गेला.

त्याच सीझनची ३० सप्टेंबर २०२३ ची टॉटनहॅम-लिव्हरपूल घ्या. २६व्या मिनिटाला आमच्या कर्टिस जोन्सला रेड, आधी यलो दाखवलं होतं ते व्हीएआरनं बघून रेड केलं. ३४व्या मिनिटाला सालाहचा पास, लुईस डियाझचा गोल, लाइन्समननं ऑफसाइडचा झेंडा वर केला. व्हीएआरनं रेषा टाकल्या, डियाझ ऑनसाइड निघाला, सगळं बरोबर चाललंय, आणि व्हीएआरला वाटलं की मैदानावर गोलच दिलाय! “चेक कम्प्लीट” म्हणून मोकळा. मैदानावरच्या रेफरीनं त्याचा अर्थ ऑफसाइड कायम असा घेतला आणि फ्री किक घेऊन खेळ सुरू झाला. काही सेकंदांत रिप्ले ऑपरेटरच्या लक्षात आलं, त्यानं सांगितलं, पण खेळ पुन्हा सुरू झाला की मागे जाता येत नाही हा नियम, त्यामुळे चूक झालीय हे माहीत असूनही ते तसेच बसून राहिले. दोन मिनिटांत टॉटनहॅमच्या सॉननं गोल मारला. आता टॅक्टिक्सचा विचार करा, दहा जणांनी ०-१ वरून खेळणं आणि दहा जणांनी १-० वरून खेळणं हे दोन वेगळे खेळ आहेत. पुढे असता तर दोन ओळी लावून खाली बसता, काउंटर अटॅकची वाट बघता, समोरच्याला येऊ देता. मागे असलात की दहा जणांनिशी वर जावं लागतं, पाय ओढत टॅकल होतात, कार्डं मिळतात. हाफटाइमआधी बरोबरी केली, मग जोटा पण रेडवर गेला, तरी नऊ जणांनी ९५व्या मिनिटापर्यंत १-१ धरून ठेवलं आणि ९६व्या मिनिटाला आमच्याच माटिपचा ओन गोल, २-१ हरलो. हे बघून जो म्हणतो “चांगली टीम असती तर जिंकली असती” त्यानं ती मॅच पाहिलेली नाही.

त्या गोलमुळे लीग गेली असं मात्र नाही. ८२ पॉइंटवर तिसरे आलो, सिटी ९१ वर होती. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ॲनफील्डवर रिआल माद्रिदविरुद्ध १४ मिनिटांत २-० पुढे जाऊन ५-२ हरलो, तिथे रेफरीचा काही संबंध नव्हता, मिडफिल्ड सताड उघडं, दोन्ही फुलबॅक वर आणि परत येताना सगळे चालत. त्याचा राग वेगळा आणि तो अजून आहे. पण कोचची चूक दाखवली की रेफरीची चूक पुसली जात नाही, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं एवढं लोकांना का झेपत नाही कळत नाही.

“लकी नसतात, लक कमावतात”

अर्धं खरं. त्याच ५-२ मध्ये आमचा गोलकीपर आलिसननं बॉल क्लिअर करायला मारला तो माद्रिदच्या व्हिनिसियसला लागून सरळ गोलमध्ये गेला. ते लक होतं, पण व्हिनिसियस धावत अंगावर आला नसता तर झालंच नसतं, म्हणजे कमावलेलं. २०२२ च्या चॅम्पियन्स लीगच्या पॅरिस फायनलमध्ये माद्रिदचा गोलकीपर कोर्तुआनं आमच्याविरुद्ध ९ सेव्ह केले, त्याला लक म्हणणारे आमचेच लोक मला आवडत नाहीत, ते निव्वळ गोलकीपिंग होतं.

पण १७ ऑक्टोबर २००९, संडरलँड विरुद्ध लिव्हरपूल, ५व्या मिनिटाला डॅरेन बेंटचा शॉट मैदानात पडलेल्या एका लाल बीचबॉलवर आपटला आणि दिशा बदलून आत गेला. आमचा गोलकीपर रेइना बीचबॉलकडे झेपावला, खरा बॉल दुसरीकडून गेला. १-० तोच निकाल. यात संडरलँडनं काय कमावलं? बीचबॉल लिव्हरपूलच्याच फॅननं फेकला होता हे मान्य, चीड त्याचीही येते. पण नियम स्पष्ट होता, बाहेरची वस्तू मध्ये आली तर खेळ थांबवून ड्रॉप बॉल. रेफरीनं गोल दिला. म्हणजे नुसतं लक नाही, लक आणि नियम न पाळणं एकत्र.

आणि लक कधी कधी पूर्ण नियमात पण असतं. जानेवारी २०१९ ला आमच्याविरुद्ध सिटीच्या स्टोन्सनं गोललाइनवरून बॉल काढला तेव्हा बॉल पूर्ण आत जायला सव्वा सेंटिमीटरही बाकी नव्हता. निर्णय एकदम बरोबर, तक्रार शून्य. सिटी ती मॅच २-१ जिंकली आणि सीझन ९८ पॉइंटवर, आम्ही ९७ वर, अख्ख्या सीझनमध्ये ती एकच मॅच हरून. ते दुखतं, पण ते मी गप्प गिळलंय. ज्यात कुणाची चूक नाही ते लक, आणि ज्यात कुणीतरी आपलं काम नीट केलं नाही ते लक नव्हे, हा फरक न करता दोन्ही एका गोणीत भरून “रडू नका” म्हणायचं हे मला मान्य नाही.

“व्हीएआर आहे ना आता”

वर शेफील्ड आणि डियाझ दोन्ही व्हीएआर असतानाचेच आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर स्टॉपेज टाइममध्ये मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर ओनाना वुल्व्सच्या कालायझिचवर सरळ जाऊन आदळला, व्हीएआरनं पाहिलं, पेनल्टी नाही, वुल्व्स १-० हरले आणि मग त्यांच्या कोचची माफी मागण्यात आली. बैल गेला आणि झोपा केला. जून २०२४ ला वुल्व्सनं व्हीएआर बंद करायचा ठराव आणला तो १९-१ नं पडला. मी त्या १९ जणांच्या बाजूचा आहे, व्हीएआर हवाच, पण तो आहे म्हणून चुका संपल्या हे म्हणणं वेगळं.

“टेबल खोटं बोलत नाही”

टेबल फक्त पॉइंट सांगतं. ते कसे आले हे त्यात लिहिलेलं नसतं, बोर्नमथवाल्यांना विचारा.

“म्हणून रडणं बंद करा”

यावर सगळ्यात जास्त डोकं फिरतं. २७ जून २०१० ला वर्ल्ड कपमध्ये ब्लुमफाँटेनला जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा बॉल क्रॉसबारला लागून लाइनच्या चांगला आत पडला, गोल दिला नाही, तेव्हा १-२ होतं ते २-२ झालं असतं, पुढे ४-१ हरले. दोन वर्षांनी युरोमध्ये इंग्लंडच्या टेरीनं युक्रेनचा बॉल लाइनच्या आतून काढला, तोही गोल दिला नाही, इंग्लंड १-० जिंकलं आणि युक्रेन स्पर्धेबाहेर. (त्या मूव्हमध्ये आधी युक्रेनचा ऑफसाइड होता, तोही सुटला होता.) फिटलं म्हणणारे म्हणतील बघा, इंग्लंडचं फिटलं. पण घेतलं जर्मनीनं आणि भरलं युक्रेननं! यावर लोक गप्प बसले नाहीत, जगभर आरडाओरडा झाला, जो फिफाचा प्रमुख ब्लॅटर गोललाइन टेक्नॉलॉजीला नको म्हणत होता त्यानं २०१० मध्येच माफी मागितली आणि ५ जुलै २०१२ ला टेक्नॉलॉजीला मंजुरी मिळाली, २०१३-१४ पासून प्रीमियर लीगमध्ये आली. डियाझच्या वेळीही तेच, ओरड झाली म्हणून ऑडिओ बाहेर आला आणि निर्णय पक्का करताना नेमकं काय बोलायचं याची पद्धत बदलली. सेमी-ऑटोमेटेड ऑफसाइड (रेषा कॅमेरे आणि कॉम्प्युटर टाकतात ते) एप्रिल २०२५ ला आलं तेही असंच रेटून रेटून.

अजून एक बाकी आहे. रग्बीत रेफरी आणि व्हिडिओ रेफरीचं बोलणं मॅच चालू असतानाच टीव्हीवर ऐकू येतं. आपल्याकडे निवडक प्रसंगांचे ऑडिओ नंतर निवांत एका कार्यक्रमात ऐकवतात, तेही त्यांनी निवडलेले. ते लाइव्ह ऐकू येईपर्यंत मी प्रत्येक चुकीवर बोलणार, माझ्या टीमच्या बाजूनं झालेल्या चुकीवर सुद्धा.