जिभाऊंची झालर

आमच्या घरात सध्या तीन पुरुष आहेत. मी, माझे वडील आणि जिभाऊ. पैकी कूलरसमोरची जागा जिभाऊंची. वडील रिटायर झाल्यापासून ती त्यांची होती. पण जिभाऊ येऊन बसले आणि वडिलांनी खुर्ची दोन फूट मागे घेतली. जळगावच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, माणसाने कूलरपासून दोन फूट मागे सरणं म्हणजे काय असतं, हे इथल्या माणसालाच कळेल.

जिभाऊ म्हणजे आमचा बोका. जात मेन कून. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे, तिथे गुडघाभर बर्फ पडतो, त्या बर्फातलं हे मांजर. 1985 साली त्या राज्याने याला राज्यमांजराचा दर्जा दिला. पायाच्या बोटांमधूनही केस, कानाच्या टोकाला झुपके, शेपूट म्हणजे झटकणी. हे सगळं बर्फासाठी. आणि मी ते आणलं कुठे, तर जिथे मे महिन्यात दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा गटारीतून उठत नाही तिथे.

खरं तर मला पर्शियन घ्यायचं होतं. आमच्या ओळखीचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "चपट्या नाकाचं नका घेऊ. इथल्या उन्हात श्वासाला त्रास, डोळ्यांतून सतत पाणी." मग लांब नाकाचं शोधता शोधता मेन कूनवर आलो. पिल्लं विकणारे गृहस्थ पुण्याचे. डॉक्टरांनी मला पढवून पाठवलं होतं, की या जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार पिढीजात येतो, तेव्हा आईबापांचे इको रिपोर्ट मागा. मी मागितले. आई शेजारीच बसली होती. तिचं माहेर अमळनेरकडचं, त्यामुळे महत्त्वाचं काही बोलायचं झालं की ती अहिराणीत बोलते.

"तुन्हा लगीनमा कोनी तुन्हा बापना इको मांगा व्हता का?"

कागदपत्रं आली. पिल्लाच्या आज्यापणज्याची नावं, रंग, किताब. माझ्या पणज्याचं नाव विचारलं तर मला काकांना फोन लावावा लागतो. कागदावर पिल्लाचं नाव इंग्रजीत चार शब्दांचं होतं, ते आईला म्हणता येईना. पण ते चालायचं असं डुलत डुलत, आणि बसायचं असं रुबाबात, की तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "जिभाऊ, जेवी ल्या." खानदेशात मोठ्या माणसाला मानाने जिभाऊ म्हणतात, तेच नाव पडलं. आता गल्लीतल्या खऱ्या जिभाऊंना आमच्या दारावरून जाताना हाक ऐकू आली की ते थांबतात. दोनदा चहा पाजावा लागलाय.

जेवणाचं विचारू नका. आमचं घर माळकरी. त्यामुळे जिभाऊंची कोंबडी मागच्या अंगणात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात शिजते, आणि आई पदर नाकाला लावून लांबून सूचना देते. कांदा-लसूण मांजराला विषासारखा. म्हणजे भरीत नाही, शेवभाजी नाही, ठेचा तर नाहीच. खानदेशात राहून भरीत न चाखणारा जीव मी पहिल्यांदा पाहिला. जावयालासुद्धा एवढी सूट मिळत नाही.

पण खरा छळ केसांचा. वरचे केस लांब आणि तेलकट, खाली मऊ लव. एक दिवस विंचरायचं राहिलं की काखेत, कानामागे आणि मागच्या पायांच्या चड्डीत गुंता. चड्डी म्हणजे मागच्या मांड्यांवरचे लांब केस, दुसरा शब्द मला सापडलेला नाही. गुंता आधी वाटाण्याएवढा असतो, तेव्हा बोटांनी सुटतो. दुसऱ्या दिवशी तो सुपारी होतो. तिसऱ्या दिवशी कातडीला चिकटून बसतो, आणि मग जिभाऊ कंगवा नुसता पाहिला तरी पलंगाखाली. तिथून किलबिल केल्यासारखा आवाज काढतात. एवढा साडेसात किलोचा देह आणि आवाज चिमणीचा. ही जात म्याव कमी करते, चिवचिवते जास्त.

"उन्हाळ्यात सरळ भादरून टाका," असं सांगणारे रोज दोन भेटतात. डॉक्टर नको म्हणाले. त्या केसांमुळे उन्हाचा चटका कातडीपर्यंत जात नाही. मांजराला घाम येतो तो तळपायांना, बाकी अंगाला नाही. मग ओला रुमाल फिरवा, फरशी पुसा, आणि लाईट गेली की वर्तमानपत्राने वारा घाला. मागच्या मे महिन्यात दुपारी तीन तास लाईट नव्हती. मी आणि वडील आळीपाळीने जिभाऊंना वारा घालत होतो. आम्हाला कोणी घातला नाही.

गळालेले केस घरभर. श्रावणातल्या रविवारी कानबाईचा, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीचा, दिवा लावला तर चर्रकन जळका वास. आईने कापूस म्हणून वळलेल्या वातींत निम्मे जिभाऊ होते. आयुष्यभर कापूस वेचलेले हात तिचे, ते फसले, याचं तिला फार लागलं. तेव्हापासून तिच्या वातींचा डबा कपाटात, वरच्या फळीवर.

अशा परिस्थितीत मला शोमध्ये उतरायची बुद्धी झाली. 1895 साली न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन झालं, त्यात पहिली आली ती कोझी नावाची मेन कूनच. हे वाचलं आणि डोकं फिरलं. शो मुंबईला. रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीत कूपे नाहीतर केबिन पुरी घ्यावी लागते, नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी. दोन्ही परवडेना. भाच्याची गाडी घेतली आणि रात्री निघालो. कसारा घाटापर्यंत जिभाऊ चिवचिवत होते, पुढे मी.

त्याआधी तीन दिवस आंघोळ. तेलकटपणा काढायला एक शाम्पू, मग दुसरा, मग दीड तास ड्रायर. बायकोच्या लग्नातसुद्धा तिच्या केसांवर एवढा वेळ गेला नव्हता, हे तिनेच ऐकवलं.

हॉलमध्ये पिंजऱ्यांना मखमली पडदे, कोणी पावडर टाकतंय, कोणी कंगवा दातांत धरून उभं. आमच्या पिंजऱ्याला आईचं जुनं इरकलीचं पातळ. परीक्षक बाईंनी जिभाऊंना टेबलावर घेतलं. हनुवटी दाबून पाहिली, दात पाहिले. शेपूट अंगावरून पुढे वळवली, खांद्यापर्यंत पोहोचली. त्यांनी मान डोलावली. मी मनातल्या मनात रिबिन कुठे टांगायची ते ठरवलं, टीव्हीच्या वर. मग त्यांनी गळ्याखालून हात फिरवला. या जातीच्या गळ्याभोवती सिंहासारखी झालर असते, तीच शान. हात मध्येच थांबला. त्यांनी केस बाजूला केले. झालरीत, बरोबर मधोमध, दोन रुपयांच्या नाण्याएवढं भोक. कात्रीचा स्वच्छ कट.

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मी जिभाऊंकडे पाहिलं. जिभाऊंनी छताकडे.

रिबिन मिळाली नाही. शेजारच्या वर्गात, जिथे कागदपत्रं नसलेली घरगुती मांजरं होती, तिथे एक राखाडी, अर्धा कान तुटलेली बया पहिली आली. तिच्या मालकिणीने मला विचारलं, "तुमचं केवढ्याला पडलं?" मी सांगितलं नाही.

बाहेर येऊन घरी फोन लावला.

"आई, जिभाऊंच्या गळ्याचे केस कोणी कापले?"

"मी कापात. सुपारीएवढी गाठ व्हती. रातभर खाजाडे बिचारा. तुले सांगं तर तू कापू दिया नसता."

"अगं, त्याच्यावरच सगळे मार्क होते!"

पलीकडे जरा वेळ शांतता. स्टुलावर चढल्याचा आवाज, मग पत्र्याचा डबा उघडल्याचा.

"ठेयेल शे मी ती गाठ. वातीसना डबामा. पुढला साल लई जाय, दखाड त्या बाईले."