फ्रोडो हरला, असे म्हणणाऱ्यांसाठी

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नाशिकला गंगापूर रोडवर एका मित्राच्या घरी आम्ही आठ-दहा जण पुस्तकांवर बोलायला जमतो. या वेळी इंग्रज लेखक टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीचा विषय होता आणि चहा येईपर्यंत बैठकीत दोन तट पडले होते. वाचनाच्या बाबतीत ज्यांचा शब्द मी प्रमाण मानतो, अशा एका ज्येष्ठ सदस्यांनी ठामपणे सांगितले की, हजार पाने चालत जाऊन ऐन वेळी कच खाणारा नायक हा नायकच नव्हे, आणि एवढी मोठी मोहीम शेवटी एका अपघाताने तडीस जात असेल तर लेखकाने वाचकाला फसवले आहे. मला तेथे नीट उत्तर देता आले नाही. घरी आल्यावरही ते मनातून जाईना, म्हणून येथे सविस्तर लिहितो आहे.

ज्यांनी वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. सॉरॉन नावाच्या काळ्या सत्ताधीशाने आपले बहुतांश बळ एका अंगठीत ओतलेले आहे. अंगठी त्याच्या हाती परत गेली तर सगळे संपलेच. पण दुसऱ्या कोणी ती त्याच्याविरुद्ध वापरायला घेतली, तर घेणाराच हळूहळू दुसरा सॉरॉन होतो. ज्या अग्निपर्वतात ती घडवली त्याच्या आगीतच ती नष्ट होऊ शकते, आणि तो पर्वत शत्रूच्या राज्यात, मॉर्डॉरमध्ये आहे. हे काम फ्रोडो नावाचा एक बुटका, शांत स्वभावाचा, पन्नाशीचा हॉबिट, म्हणजे त्या कथेतल्या बुटक्या जमातीतला माणूस, अंगावर घेतो आणि त्याच्याबरोबर त्याचा माळी सॅम शेवटपर्यंत जातो.

आपल्या कथांमधल्या मोहिमा आठवून पाहाव्यात. समुद्रमंथन अमृतासाठी, हनुमंताचे उड्डाण संजीवनीसाठी, कृष्णाची स्वर्गातली स्वारी पारिजातकासाठी. प्रत्येक वेळी काहीतरी आणायचे असते. येथे मात्र हाती असलेले सर्वांत मोठे शस्त्र टाकून द्यायला निघायचे आहे, आणि ते टाकून द्यावे असे कोणाला वाटेल ही कल्पनाच सॉरॉनला शिवत नाही. सगळा डाव त्याच्या या आंधळेपणावर उभा आहे. अ‍ॅरागॉर्न हा वनवासातून परतलेला राजा, पंचवटीत वाढलेल्या माणसाला तर तो चटकन ओळखीचा वाटतो, सहा हजारांहूनही कमी सैनिक घेऊन मॉर्डॉरच्या दाराशी जाऊन उभा राहतो, तेव्हा ही लढाई आपण जिंकणार नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. शत्रूची नजर त्या दोन बुटक्यांवरून हटावी, एवढ्यासाठी तो आपले सैन्य पणाला लावतो.

आता मुख्य मुद्दा. पर्वताच्या आत, आगीच्या कडेवर उभा असलेला फ्रोडो अंगठी टाकत नाही. ती आपली आहे असे जाहीर करतो आणि बोटात घालतो. मागावर असलेला गोलम, त्याच अंगठीने शेकडो वर्षे पोखरलेला तो दयनीय जीव, त्याच्यावर झडप घालतो, दातांनी बोट तोडून अंगठी मिळवतो आणि आनंदाने नाचता नाचता तोल जाऊन आगीत पडतो. 2003 च्या चित्रपटात येथे बदल केला आहे. तेथे फ्रोडो उठून गोलमशी झटतो आणि त्या झटापटीत गोलम पडतो. चित्रपट मला आवडतो, पण त्या बदलाचे मला आजही वाईट वाटते, कारण नायकाच्या पदरात थोडासा पराक्रम टाकण्यासाठी कथेचा कणाच काढून घेतला गेला.

हा कणा म्हणजे दया. खूप वर्षांपूर्वी अंधाऱ्या गुहेत गोलमला मारण्याची संधी बिल्बोला, म्हणजे ज्याच्याकडून फ्रोडोला ही अंगठी मिळाली त्या हॉबिटला, होती. त्याने मारले नाही. पुढे फ्रोडोला ती संधी मिळाली. त्यानेही मारले नाही. अगदी शेवटी, पर्वताच्या उतारावर, सॅमच्या हाती तलवार होती, समोर गोलम लोळत होता आणि सॅमच्या मनात त्याच्याबद्दल पहिल्या दिवसापासून राग होता. तरी त्याचा हात उठला नाही. यांतल्या एकाने जरी त्या क्षणी व्यवहारी शहाणपण दाखवले असते, तरी आगीच्या कडेवर फ्रोडो एकटाच उरला असता आणि अंगठी त्याच्या बोटात राहिली असती. मग याला अपघात म्हणायचे तरी कसे? शिवाय तेथपर्यंत अंगठी पोहोचवताना फ्रोडोने स्वतःजवळचे सगळे खर्चून टाकलेले होते. 1963 साली एका वाचकाला लिहिलेल्या पत्रात टॉल्किन यांनी याचा खुलासा केला आहे. त्या जागी, त्या अवस्थेत अंगठीला नकार देणे कोणालाच शक्य नव्हते आणि म्हणून फ्रोडोचे अपयश हे नैतिक अपयश नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

हे लिहिणारा माणूस घरात बसून युद्धाची कल्पना करणारा नव्हता. पहिल्या महायुद्धात, 1916 साली फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत टॉल्किन संदेशयंत्रणेचे अधिकारी होते, खंदकांमधल्या उवांमुळे येणाऱ्या तापाने आजारी पडून नोव्हेंबरमध्ये मायदेशी परतले, आणि 1918 पर्यंत त्यांच्या जिवलग मित्रांपैकी एक सोडून सगळे मरण पावले होते. आपली कथा दुसऱ्या महायुद्धाचे रूपक नाही, हे त्यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे, आणि ती तशी असती तर अंगठी नष्ट न करता शत्रूविरुद्ध वापरली गेली असती, असेही तेथे सांगितले आहे.

युद्धातून परतलेल्या माणसाचे काय होते, हे नाशिकला नवे नाही. देवळालीचे नाव इंग्रजी भाषेत एका विशेषणाच्या रूपाने उरले आहे, हे मात्र आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. ब्रिटिश काळात मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने काढावे लागत. रिकामपण, उकाडा आणि आजार यांनी त्यांच्यातले काही जण भ्रमिष्टासारखे वागू लागत, आणि अशा माणसाला ‘डूलॅली टॅप’ झाला असे पलटणींत म्हणत. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपलाच ताप. आजही डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणतात, आणि बहुतेक वेळा थट्टेनेच म्हणतात.

टॉल्किन यांनी थट्टा केली नाही. अंगठी नष्ट झाल्यावरही कथा बरीच पुढे जाते, आणि माझ्या मते तिचा सर्वांत खरा भाग तोच आहे. फ्रोडो गावी परततो तर गाव गुंडांनी बळकावलेले असते. ते सोडवण्याच्या चकमकीत तो शस्त्र उपसत नाही, शरण आलेल्यांना कोणी मारू नये म्हणून धडपडतो, आणि स्वतःवर सुरा चालवणाऱ्या सरुमानलाही, म्हणजे त्या गुंडांच्या मांत्रिक म्होरक्यालाही, जाऊ देतो. चित्रपटातून हा सगळा भाग गाळला गेला. नंतर गावात सुबत्ता येते, सॅमने लावलेली झाडे वाढतात, फ्रोडो मात्र बरा होत नाही. 6 ऑक्टोबर, म्हणजे त्याच्या खांद्यात विषारी सुरा रुतला ती तारीख, आणि 13 मार्च, म्हणजे त्याला महाकाय कोळिणीचा दंश झाला ती तारीख. या दिवशी तो आजारी पडतो. एका मार्चमध्ये सॅम कामासाठी बाहेरगावी असताना फ्रोडो ज्याच्या घरी राहत असतो तो शेतकरी त्याला अंथरुणात पडलेला पाहतो. गळ्यातल्या साखळीतला पांढरा खडा त्याने मुठीत घट्ट धरलेला असतो. सॅम परत येतो तोवर तो उठून बसलेला असतो आणि झाल्या प्रकाराबद्दल अवाक्षर काढत नाही.

आमच्या बैठकीत एकाने विचारले की, विजयानंतर इतके रडगाणे कशाला. महाभारतात युद्ध अठरा दिवसांत संपते, पण त्यानंतर स्त्रियांचा आक्रोश आहे, युधिष्ठिराला राज्य नकोसे होते, आणि त्याची समजूत घालण्यासाठी शरपंजरी पडलेल्या भीष्मांना बोलावे लागते. ते आपण रडगाणे मानत नाही. मग फ्रोडोला ही मुभा का नसावी?

माझे थोरले काका तोफखान्यात होते, 1971 साली पश्चिम सीमेवर होते, आणि निवृत्तीनंतर देवळालीतच स्थायिक झाले. सरावाच्या तोफांनी घराच्या खिडक्यांची तावदाने थरथरली तरी त्यांच्या हातातले वर्तमानपत्र हलत नसे. डिसेंबरचा पहिला आठवडा आला की मात्र ते ओट्यावर यायचे थांबत, खोलीत भिंतीला पाठ लावून बसत आणि समोरचा चहा तसाच निवून जाई. आम्हा मुलांना सांगितले जाई की काकांना सर्दी झाली आहे.

मागच्या डिसेंबरात मी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा बोलण्यासारखे काही सुचेना म्हणून फ्रोडोची ही शेवटची गोष्ट मराठीत सांगत बसलो. ते ऐकत आहेत की नाही, हे कळत नव्हते. मग त्यांनी विचारले, “तारीख कोणती म्हणालास?”

“सहा ऑक्टोबर. आणि तेरा मार्च.”

“दरवर्षी?”

“हो, काका.”

“आणि घरात कुणाला सांगितलं नाही ना त्यानं?”

मी नाही म्हणालो. काकू दारात उभ्या होत्या. “सांगावं लागत नाही,” असे म्हणून त्यांनी निवलेला पेला उचलला आणि चहा पुन्हा गरम करायला आत गेल्या.