जिम्नीला २३५ चे टायर: बसतात, पण पुढचं काम कोण करणार?

मारुती सुझुकीची जिम्नी घेतली की महिन्याभरात ठरलेला प्रश्न येतो, "२३५ बसतात का?" म्हणजे २३५ मिमी रुंदीचे टायर. बसतात. टायरवाला तासाभरात बसवून देईल आणि गाडी झकास दिसेल. पण बसणं वेगळं आणि धड चालणं वेगळं. माझं मत सरळ आहे. गाडी बहुतेक वेळ डांबरावर आणि अधूनमधून सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर जात असेल तर २१५/७५ आर १५ वर थांबा (रुंदी २१५ मिमी, साइडवॉलची उंची तिच्या ७५ टक्के, रिम १५ इंची). २३५/७५ घ्यायचेच असतील तर त्यामागून येणारं सगळं काम करून घ्या. नुसते टायर आणि वर स्वस्तातले स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या), हा मधला मार्ग सगळ्यात वाईट.

आधी आकडे. कंपनीच्या १९५/८० आर १५ चा व्यास ६९३ मिमी. २१५/७५ चा साधारण ७०४, २३५/७५ चा ७३४. म्हणजे व्यास ४० मिमीने वाढतो, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, २० मिमी. हे २० मिमी कमी समजू नका. जिम्नीला पुढे-मागे सॉलिड ॲक्सल आहेत (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध दांडा) आणि दगडाला आधी टेकतो तो त्यावरचा डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरचा गोळा. लिफ्ट किटने बॉडी वर जाते, हा गोळा तिथेच राहतो. त्याला वर नेतो तो फक्त टायर.

लिफ्टबद्दल आणखी एक गैरसमज आहे. दोन इंच लिफ्ट केली म्हणजे घासण्याचा प्रश्न मिटला, असं नाही. स्प्रिंग पूर्ण दबली की चाक पूर्वी जिथवर वर जायचं तिथवरच जातं. ते अडवायला बंपस्टॉप (ॲक्सलला वर थोपवणारे रबरी ठोकळे) लांब करावे लागतात. किटच्या डब्यात ते नसतील तर वेगळे मागवा.

रिमचं गणित बरेच जण करतच नाहीत. मूळ रिम ५.५ इंच रुंद, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या भागाचं अंतर) अधिक ५ मिमी. २३५/७५ टायरला किमान ६ इंची रिम लागते. ५.५ वर तो चढतो, पण साइडवॉल फुगते, मधला पट्टा आधी झिजतो आणि वळणावर गाडी डुलते. शिवाय रुंदी ४० मिमीने वाढते, त्यातली २० आतल्या बाजूला. फुल लॉकला, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर, टायर लीडिंग आर्मला (पुढचा ॲक्सल चॅसीला जोडणाऱ्या दांड्याला) घासतो तो यामुळेच. ऑफसेट उणे १० ची रिम घेतली तर आतली वाढ ५ मिमीवर येते, पण बाहेरची ३५ वर जाते. मग वळताना टायर मोठा घेर घेतो आणि बंपरचा मागचा खालचा कोपरा आणि आतलं लायनर (चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर) घासायला लागतं. व्हील बेअरिंगवरचा भारही वाढतो. बिननटाचा, नुसता चकतीसारखा स्पेसर तर नकोच. तो घातला की नटाला स्टडचे (हबमधल्या बोल्टचे) आटे कमी मिळतात.

कुठे घासतं ते अंदाजाने ठरवू नका. टायरच्या खांद्यावर, म्हणजे ट्रेड आणि साइडवॉल मिळतात तिथे, सगळीकडून खडू फासा. एक पुढचं चाक रॅम्पवर किंवा भक्कम ठोकळ्यावर चढवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, मग तेच दुसऱ्या बाजूने. मागच्या चाकांनाही हेच. जिथे खडू लागला तिथे घासलं. लायनर हीटगनने मागे दाबता येतं, बंपरचा कोपरा कापता येतो, स्टिअरिंग किती वळतं ते लॉक स्टॉपरने थोडं कमी करता येतं (टर्निंग सर्कल तेवढं वाढणार). ब्रेकची नळी किंवा एबीएसची वायर ताणली जातेय का तेही याच वेळी बघा.

लिफ्ट केली की कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, कारण लीडिंग आर्म तिरके होतात. स्टिअरिंग हलकं, भरकटल्यासारखं लागतं, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. उपाय कॅस्टर बुश, म्हणजे तो कोन परत आणणारे आर्मचे रबरी बुश. पॅनहार्ड रॉडमुळे (ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा दांडा) ॲक्सलही एका बाजूला सरकतो, म्हणून ॲडजस्टेबल रॉड. ७०-८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं तेव्हा सगळे बॅलन्सिंगवाल्याला धरतात. तो दोषी असेलही, पण किंगपिन बेअरिंग (ज्यावर पुढचं चाक वळतं ते) आणि पॅनहार्डचे बुश आधी बघा. जड टायर तिथला ढिलेपणा उघडा पाडतो. हेडलाइटची उंची शेवटी लावून घ्या, समोरच्याचे डोळे दिपवू नका.

इंजिन दीड लिटर, टॉर्क १३४ एनएम. २३५ ने चाकाशी मिळणारा जोर साडेपाच टक्क्यांनी कमी होतो, वर टायरचं वजन. ऑटोमॅटिकला चारच गिअर, घाटात तिसरा-दुसरा खेळत बसते. मॅन्युअलमध्ये तो त्रास क्लच सोसतो. स्पीडोमीटर आधीपेक्षा साडेपाच टक्के कमी दाखवतो, ओडोमीटरही तसाच. १०,००० दिसलं की खरे १०,५८० झालेले असतात. मायलेज पडलं म्हणून ओरडण्याआधी हा हिशोब करा, आणि सर्व्हिसही त्याच हिशोबाने.

रुंद म्हणजे चांगला, हेही सगळीकडे खरं नाही. वाळूत रुंद टायर तरतो. मराठवाड्यातल्या काळ्या मातीत मात्र ऑल-टेरेनच्या (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या टायरच्या) खाचा दोन मिनिटांत भरतात आणि टायर गुळगुळीत लाटण्यासारखा फिरतो. वरचा चिखल पातळ आणि खाली कडक थर असेल तर अरुंद टायर तो कापून खाली पोचतो. कोकणात जांभ्यावर पावसात हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवलेला २१५ बरंच काम करून जातो. त्यासाठी कंप्रेसर आणि प्रेशर गेज जवळ हवं, परतताना डांबरावर येण्याआधी हवा भरायची. कमी हवेवर वेग आणि झटकन वळणं टाळा, टायर रिमवरून निसटतो.

टायर घेताना लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ ९६ पेक्षा कमी नको. चाकाचे नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा, ५०-१०० किमीनंतर पुन्हा तपासा.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरच्या बदलांविरुद्ध आहे. टायर-लिफ्टचा बदल विमा कंपनीला लेखी कळवा, क्लेमच्या वेळी वाद नको.

आणि टायर पाच घ्या, चार नाही. जिम्नीला सेंटर डिफरन्शियल नाही, म्हणजे फोर-व्हीलमध्ये पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या वेगातला फरक सामावून घेणारं काही नाही. तीन चाकं २३५ आणि एक जुनी १९५ ची स्टेपनी अशी गाडी ४एच (फोर-व्हील, हाय रेंज) मध्ये कडक जमिनीवर चालवली तर ट्रान्सफर केस (दोन्ही ॲक्सलना जोर वाटणारा गिअरबॉक्स) आणि शाफ्टवर ताण साठत जातो, फोर-व्हीलचा लिव्हर अडकतो. पाचवा मोठा टायर मागच्या दारावर चढवलात की दार उघडझाप करून बघा, खालची कड बंपरला लागते का. बिजागऱ्यांवर चार-पाच किलो वाढलेले असतात, दर सर्व्हिसला त्यांचे बोल्ट आवळून घ्या.